पहिली आंघोळ उद्याच बरी

महाराष्ट्रात आता शंभरातली जवळपास 95 बाळंतपणे दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीतला हा आकडा आहे. घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या भरवशावर होणाऱ्या बाळंतपणांचे दिवस सरले, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याचा आणखी एक अर्थ होतो. जन्मल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बाळाच्या अंगाला कोण हात लावणार आणि कसा लावणार, हे आता आजी ठरवत नाही आणि सुईणही ठरवत नाही. ते प्रसूतिगृहातला शिरस्ता ठरवतो. तेव्हा बाळाच्या अंगावरचा पांढरा थर खसाखसा पुसला जात असेल, तर त्याचा जाब आजीला विचारून भागणार नाही.

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याच्या पाठीवर, काखेत, जांघेत, कानामागे, मानेच्या वळ्यांत पांढरट, लोण्यासारखा चिकट लेप असतो. कुणाच्या अंगावर भरपूर, कुणाच्या अंगावर नावापुरता. वैद्यकात त्याला व्हर्निक्स म्हणतात. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना मात्र तो आईच्या पोटातून आलेला मळ वाटतो. ‘नीट पुसलं नाही का हो?’ हा प्रश्न ऐकावा लागू नये म्हणून कर्मचारीही बाळाला लख्ख करूनच बाहेर आणतात. काही ठिकाणी तर तासाभरात पाण्याखाली धरून अंग धुतात, पावडर लावतात आणि मग कौतुकाला देतात. हे थांबायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितले, की पहिली आंघोळ जन्मानंतर 24 तासांनी घालावी; रीतिरिवाजामुळे इतके थांबणे जमत नसेल तर निदान 6 तास तरी जाऊ द्यावेत. 2022 च्या शिफारशींतही 24 तासांचा आग्रह कायम आहे. हा लेप पुसून काढू नये, हेही संघटनेच्या नवजात सेवेच्या मार्गदर्शनात लिहिलेले आहे. एवढ्या स्वस्त आणि सोप्या सल्ल्याकडे इतकी वर्षे दुर्लक्ष व्हावे, याचे नवल वाटते.

की स्वस्त आहे म्हणूनच दुर्लक्ष होते?

हा मळ नव्हे, हे त्याच्या घडणीवरून कळते. त्यात साधारण 80 टक्के पाणी, 10 टक्के प्रथिने आणि 10 टक्के स्निग्ध पदार्थ असतात. पाणी इतके असूनही तो पाण्यासारखा वाहून जात नाही, कारण ते पाणी त्वचेवरून सुटलेल्या चपट्या पेशींच्या आत साठलेले असते. मोठ्या माणसाच्या कातडीत या पेशी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात. लेपात मात्र त्या सैल, सुट्या असतात. म्हणून तो मलमासारखा पसरतो आणि वळ्यांत जाऊन बसतो. स्निग्ध भाग बराचसा गर्भाच्या स्वतःच्या तैलग्रंथींतून येतो. थोडक्यात, हे बाळाच्या कातडीनेच तयार केलेले मलम आहे.

सातव्या महिन्याच्या सुमारास ते तयार व्हायला लागते. आधी डोके, मग धड, मग हातपाय. पाठीवर आधी, पोटावर नंतर. एरवी तासभर पोहणाऱ्याच्या बोटांना सुरकुत्या पडतात आणि हे बाळ तर महिनोन्महिने गर्भजलात असते. त्या काळात त्याची त्वचा पक्की व्हावी लागते, कारण बाहेर आल्याबरोबर तिला हवेशी सामना करायचा असतो. लेपाच्या आडोशाला ती पक्की होते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्या बाळाच्या अंगावर हे मलम जवळजवळ नसते, आणि त्याच्या कागदासारख्या पातळ त्वचेतून शरीरातले पाणी भराभर उडून जाते. अशा बाळांना काचेच्या पेटीत दमट हवेत का ठेवावे लागते, त्याचे एक कारण हेच. उलट दिवस उलटून गेल्यावर जन्मलेल्या बाळाच्या अंगावरचा लेप बहुतेक संपलेला असतो. त्याची कातडी कोरडी, भेगाळलेली, सोलवटल्यासारखी दिसते. नव्या आईला ते पाहून धास्ती वाटते. बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते, तो उलटून गेलेल्या तारखेचा पुरावा असतो.

दिवस भरत येतात तसा हा लेप त्वचेवरून सुटायलाही लागतो, आणि त्यामागची यंत्रणा शरीरशास्त्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे. शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसे एक साबणासारखा पदार्थ भरपूर बनवू लागतात. त्याचे नाव सरफॅक्टंट. पहिल्या श्वासानंतर फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या मिटून चिकटू नयेत, हे त्याचे काम. हा पदार्थ फुप्फुसांतून गर्भजलात उतरतो आणि तिथे त्वचेवरचा लेप थोडा थोडा सोडवतो, असे अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले. म्हणजे फुप्फुसे तयार झाली, की लेप सुटू लागतो, गर्भजल गढुळते, आणि बाळ ते गढूळ पाणी गिळते. त्या गिळण्यातून लेपातली खास प्रकारची फांद्याफांद्यांची मेदाम्ले त्याच्या आतड्यात पोचतात. कॉर्नेल विद्यापीठातील टॉम ब्रेना यांच्या गटाला ही मेदाम्ले बाळाच्या पहिल्या काळपट शीतही सापडली.

पुष्कळ वर्षे समज असा होता, की असा लेप घेऊन जन्मणारा प्राणी माणूस एकटाच. माकडांच्या पिलांना नसतो, गाईम्हशींच्या वासरांना नसतो. मग 2018 मध्ये ब्रेना यांच्याच गटाने कॅलिफोर्नियातल्या समुद्रसिंहांच्या पिलांवरही जवळपास तसाच लेप असतो, असे प्रसिद्ध केले. पाण्याशी नाते असलेला हा प्राणी आणि माणूस यांत हे साम्य का, यावर उत्साही मंडळी माणसाचे पूर्वज जलचर असल्याची जुनी कथा पुढे करतात. एवढी उडी मारायला तेवढा पुरावा पुरत नाही.

लेपाचे पुढचे काम जन्मानंतरचे. त्यात लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन असतात, म्हणजे आईच्या दुधात आणि आपल्या अश्रूंत जंतूंशी लढणारे तेच पदार्थ. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी लेपातली आणखी कितीतरी जंतुनाशक प्रथिने वेगळी काढली. पोटात बाळ जवळजवळ निर्जंतुक अवस्थेत असते आणि बाहेर पडल्याक्षणी आईचे, परिचारिकेचे, चादरीचे, हवेचे जंतू त्याच्या अंगावर वस्तीला येतात. त्या पहिल्या गर्दीत हा लेप कामाला येतो. 2005 मध्ये सिनसिनाटीतच एक साधा प्रयोग झाला. काही बाळांचा लेप राहू दिला, काहींचा काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्वचा तपासली. लेप राहू दिलेल्या बाळांची त्वचा अधिक ओलसर होती आणि तिची आम्लताही अधिक होती. त्वचेची ही सौम्य आम्लता जंतूंना आवडत नाही. साबणाने नेमकी तीच बिघडते.

इथे एक सावधानता मात्र हवी. या लेपाचे गुण ऐकून काही मंडळी त्याला चमत्काराच्या पंक्तीला बसवतात. त्याने पुढे आयुष्यभर त्वचारोग होत नाहीत, बाळ गोरे होते, असले दावे समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांना आधार नाही. हा लेप बाळाला ऊब देणारे पांघरूणही नव्हे. पण तो काढायला पाणी लागते, आणि नवजात बाळाचा खरा शत्रू म्हणजे ते पाणी.

कोमट असले तरी. बाळाच्या शरीराचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावे लागते. मोठा माणूस गारठला तर कुडकुडतो आणि कुडकुडण्यातून उष्णता निर्माण होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. पाठीवर, खांद्यांच्या मध्ये साठलेली खास तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते, आणि तिचा साठा मर्यादित असतो. कमी वजनाच्या बाळात तर तो नसल्यासारखाच. ओले बाळ उघडे राहिले तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याचे तापमान 2 ते 4 अंशांनी उतरू शकते. गारठलेले बाळ सुस्त होते, चोखत नाही, दूध नाही म्हणून रक्तातली साखर उतरते आणि श्वासही जड होतो. युगांडातील एका रुग्णालयात 2005 मध्ये असे दिसले, की पाणी गरम होते, बाळाला आईच्या उघड्या छातीवरही ठेवले होते, तरी पहिल्या तासात आंघोळ घातलेली बाळे जास्त प्रमाणात गारठली.

महाराष्ट्राला हा धडा युगांडाकडून घ्यायची गरज नव्हती. तो गडचिरोलीत आधीच शिकलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. श्वास अडकलेल्या बाळाला कसे वाचवायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसे द्यायचे आणि बाळाला उबदार कसे ठेवायचे. उबदार पिशवी हे त्यांच्या झोळीतले एक साधन होते. 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले होते. त्या यशाचे श्रेय एकट्या उबेला देता येणार नाही, संसर्गावरच्या उपचारांचा वाटा मोठा होता. पण बाळ कोरडे आणि गरम राहिले पाहिजे, हे दुर्गम खेड्यात पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला समजले आणि जमले. याच कामाच्या पायावर पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी सुरू झाल्या. खेड्यात जे जमले ते वातानुकूलित, आणि म्हणून अधिकच थंड, शहरी प्रसूतिगृहात जमू नये?

या चर्चेत पूर्वजांचा दाखला हमखास येतो. एक बाजू म्हणते, आपल्या शास्त्रांना हे सगळे ठाऊक होते. दुसरी म्हणते, जुन्या चालीरीतींनीच घात केला. दोघांनीही ग्रंथ उघडून पाहावेत. सुश्रुतसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नवजात बाळाच्या अंगावरील ‘उल्ब’ काढून टाकायला सांगितले आहे, सैंधव आणि तूप वापरून शुद्धी करायला सांगितले आहे. म्हणजे थर राखा असे नाही, काढा असेच. पण सुश्रुताने पुढे अंगाला बला तेल लावून कोमट काढ्याने किंवा तापवलेले सोने-चांदी बुडवून गरम केलेल्या पाण्याने, तेही ऋतू, प्रकृती आणि ऐपत पाहून स्नान घालायला सांगितले. थंडीची चिंता त्याला होतीच. इकडे रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या इफेससच्या सोरेनसनेही दुसऱ्या शतकाच्या सुमारास बाळाच्या अंगावर बारीक मीठ भुरभुरून थर धुऊन काढायचा सल्ला दिला, आणि त्याच दमात बाळांना थंडगार पाण्यात बुचकळणाऱ्या जर्मन आणि सिथियन लोकांना नावे ठेवली. घानाच्या खेड्यांत अलीकडेपर्यंत बाळाला लवकर धुतले नाही तर मोठेपणी अंगाला वास येतो, अशी समजूत आढळली. सगळीकडच्या माणसांना हा थर घाण वाटला. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, कारण तो कशाचा बनलेला आहे हे पाहायची साधनेच नव्हती. आता आहेत, म्हणून आता सबबही उरत नाही.

आपल्याकडच्या चालीरीतींचे चित्र तर मिश्रच आहे. कुंची, टोपरे, दुपट्यात घट्ट गुंडाळणे, बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ न देणे, या सगळ्यामागे ऊब राखण्याचे शहाणपण आहे. शेगडीच्या धुराचा भाग सोडून द्यावा, तो बाळाच्या फुप्फुसांना घातक. अंघोळ घालणाऱ्या बाईने पाटावर बसून पाय लांब करून, बाळाला पायांवर आडवे घेऊन तेल चोळणे, हा पुढच्या दिवसांतला सोहळाही वाईट नाही, हात हलका असेल तर. डाळीच्या पिठाने घासून किंवा कणकेचा गोळा फिरवून लव काढायची घाई मात्र सोडावी. ती लव आपसूक गळते, आणि घासल्याने खरचटलेल्या कातडीतून जंतूंना वाट मिळते. सोयर फिटायची वाट पाहणारी घरे तर बाळाला आठ-दहा दिवस देवापासून लांब ठेवायला तयार असतात. त्यांना आंघोळीसाठी एक दिवस थांबा म्हटले तर ते ऐकणार नाहीत, असे मानायचे कारण काय? सांगणारे कोणी हवे.

आणि सांगणाऱ्यांची अडचण अशी, की लख्ख बाळ ही आता दवाखान्याची जाहिरात झाली आहे. खासगी प्रसूतिगृहांत जन्माच्या दिवशीच छायाचित्रकार येतो, झालरीचा फ्रॉक घातला जातो. हातात पडणाऱ्या भेटपिशवीत साबण, पावडर, शाम्पू, लोशन असते. ज्याला पहिल्या दिवशी कशाचीच गरज नाही, त्याच्यासाठी इतका सरंजाम. सरकारी दवाखान्यात कारण वेगळे असते. तिथे एका परिचारिकेकडे एकाच वेळी अनेक बाळंतिणी असतात, नातेवाइकांशी वाद घालण्यापेक्षा पुसून देणे सोपे पडते. तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. तिला वरून लेखी आधार हवा, की बाळ पुसले नाही म्हणून तिला कोणी बोलणार नाही.

पहिल्या तासातली आंघोळ आणखी एक गोष्ट हिरावते, ती म्हणजे स्तनपान. देशात तीन वर्षांखालच्या मुलांपैकी फक्त 41.8 टक्क्यांना जन्माच्या पहिल्या तासात आईचे दूध मिळाले होते, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीतला आकडा. बाळ जन्मल्यावर तासभर फार सावध असते, आईच्या छातीवर ठेवले तर स्वतःच सरकत स्तनाकडे जाते. नेमका तोच तास वजन, पुसणे, धुणे, कपडे आणि नातेवाइकांच्या मांड्यांवर खर्ची पडतो. ओहायोतल्या क्लीव्हलंडजवळच्या हिलक्रेस्ट रुग्णालयाने आंघोळ किमान 12 तास लांबवायचा नियम केला. 2019 मध्ये त्यांनी 996 माता-बालकांची माहिती प्रसिद्ध केली. रुग्णालयात निव्वळ स्तनपानावर असलेल्या बाळांचे प्रमाण 59.8 वरून 68.2 टक्क्यांवर गेले होते. ही आधी-नंतरची तुलना आहे, वाढीची सगळी कारणे त्यातून सिद्ध होत नाहीत. पण या बदलासाठी रुग्णालयाला यंत्र विकत घ्यावे लागले नाही, हेही तितकेच खरे.

आता हरकती. लेप राखणे म्हणजे बाळाला ओले ठेवणे, असा गैरसमज होऊ नये. जन्मताच बाळाला गरम, सुक्या सुती कापडाने टिपून कोरडे करायलाच हवे, ओले कापड बदलायलाच हवे. त्याने थंडी टळते आणि श्वासालाही चालना मिळते. रक्त लागले असेल तर ते हलकेच टिपावे. न रगडता टिपले, की पांढरा लेप बहुतांशी जागेवर राहतो आणि पुढच्या तासांत त्वचेत जिरून जातो. आईला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल, तर अनेक रुग्णालये बाळाला लवकर स्वच्छ करतात; तो निर्णय डॉक्टरांचा. आंघोळ होईपर्यंत बाळाला हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी हातमोजे घालावेत. सिझेरियन झाले म्हणून नियम बदलत नाही. शल्यगृह थंडगार असते, तिथे तर घाई आणखी कमी हवी. कमी वजनाच्या बाळाला 24 तासांपेक्षाही जास्त थांबवावे लागते.

नेदरलँड्समधल्या लायडेन विद्यापीठात या लेपाची नक्कल करणारे मलम बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आणि भाजलेल्या रुग्णांच्या त्वचेसाठी. उद्या ते बाजारात आले तर महाग असेल. अस्सल माल आपण कापसाच्या बोळ्यावर पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकतो, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

सरकारी प्रसूतिगृहांसाठी केंद्राची ‘लक्ष्य’ ही गुणवत्ता मोहीम 2017 पासून चालू आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने तिच्याच जोडीने एक साधे परिपत्रक काढावे आणि खासगी प्रसूतिगृहांच्या संघटनांनीही ते स्वीकारावे. बाळाचा लेप पुसायचा नाही. पहिली आंघोळ 24 तासांच्या आत घालायची नाही, घालावी लागलीच तर कारण लिहायचे. आणि जन्मवेळ, वजन यांच्या शेजारी पहिल्या आंघोळीची वेळ केसपेपरवर नोंदवायची. प्रसूतिकक्षाच्या दारावर मराठीत दोन ओळींचा फलक लावावा, म्हणजे परिचारिकेला प्रत्येक सासूशी वेगळा वाद घालावा लागणार नाही.

परिपत्रक येईल तेव्हा येईल. ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत पाळणा हलणार आहे, त्यांनी नाव नोंदवतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: जन्मल्यावर बाळ लगेच आईच्या छातीवर देणार का, पांढरा लेप राहू देणार का आणि पहिली आंघोळ कधी घालणार. उत्तर ‘लगेच’ असे आले, तर शांतपणे सांगावे की आमच्या बाळाला उद्या घाला.